ओला झालेला ‘बी’ बेड: एका ऑक्सिजन प्लांटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एप्रिल २०२१ मधलं, कोविडच्या दुसऱ्या लाटेतलं, महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे जवळच्या पूर्णांकात आणले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच आहे.

प्लांट मध्यम आकाराचा, दिवसाला पन्नासेक टन द्रव ऑक्सिजन देणारा. एरवी त्याचा बराचसा माल फॅब्रिकेशनवाल्यांकडे जायचा, उरलेला रुग्णालयांकडे. २२ एप्रिलपासून केंद्राच्या आदेशाने मोजके अपवाद सोडून उद्योगांचा ऑक्सिजन बंद झाला. पण त्याच्या आधीपासूनच इथला थेंबन् थेंब रुग्णालयांकडे वळलेला होता. त्याच आठवड्यात कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला भरायला गेले होते. राज्यात कुठेही हाताशी साठा उरला नव्हता, यावरून पुढची ओढाताण समजेल.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करायचा तर हवा उणे १८० अंशांच्या आसपास नेऊन तिचा द्रव करावा लागतो. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या बरेच आधी गोठतात. सहा बार दाबाच्या हवेत सव्वाचारशे पीपीएम (दहा लाख भागांत सव्वाचारशे) कार्बन डायऑक्साइड असेल, तर उणे १३० अंशांच्या आसपास त्याचा बर्फ धरू लागतो. कोल्ड बॉक्स म्हणजे ही सगळी अतिगार यंत्रं ज्यात असतात ती बंद पेटी. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या एक्स्चेंजरमधून हवा जाते त्या फटी जेमतेम काही मिलिमीटरच्या असतात. त्या बुजल्या की प्लांट गुदमरतो. म्हणून हवा कोल्ड बॉक्समध्ये शिरण्याआधी तिच्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. हे काम करणारी दोन उभी टाकी, ए आणि बी, हीच या प्रकरणातली मुख्य यंत्रं.

प्रत्येक टाकीत खाली ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाच्या गोळ्यांचा थर असतो आणि त्यावर १३एक्स जातीच्या मॉलिक्युलर सीव्हचा, म्हणजे ठरावीक वायू धरणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचा. टाकीतल्या या भरणीला बेड म्हणतात. हवा खालून वर जाते. ॲल्युमिना पाणी धरतं, सीव्ह कार्बन डायऑक्साइड धरतं. एक टाकी चार तास कामावर असते, तेवढ्यात दुसरीचं रिजनरेशन, म्हणजे तिने धरलेलं काढून टाकणं, चालतं. कोल्ड बॉक्समधल्या, हवेचे घटक वेगळे करणाऱ्या कॉलममधून वाया जाणारा कोरडा नायट्रोजन हीटरमधून तापवून वरून खाली सोडतात. त्यामुळे पाणी सीव्हला न शिवता खालच्या खाली निघून जातं. मग तोच नायट्रोजन न तापवता सोडून टाकी गार करतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड काढणारं यंत्रही याच क्रमाने चालतं: आधी पाणी, मग कार्बन डायऑक्साइड. हा क्रम मोडला की काय होतं, तेच पुढे आहे.

थोडा हिशोब मांडतो, त्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. या प्लांटमध्ये तासाला साधारण आठ हजार घनमीटर हवा जाते. सव्वाचारशे पीपीएमने चार तासांत सुमारे २६ किलो कार्बन डायऑक्साइड सीव्हवर बसतो. पाण्याचं प्रमाण मात्र हवा किती गार येते यावर ठरतं. चिलरमधून हवा १२ अंशांवर बाहेर पडत असेल, तर चार तासांत सुमारे ६० किलो पाणी येतं. तीच १९ अंशांवर आली, तर ९५ किलोच्या आसपास. सात अंशांचा फरक, आणि बेडवर दीडपटीहून जास्त पाणी.

वर्षाचा हिशोब केला तर हा एवढासा प्लांट हवेतून पन्नासेक टन कार्बन डायऑक्साइड उचलतो आणि रिजनरेशनच्या नायट्रोजनबरोबर परत हवेतच सोडतो. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेलं ओर्का नावाचं यंत्र हवेतून कार्बन डायऑक्साइड काढून जमिनीखाली गाडण्यासाठीच बांधलं आहे. सुरू झालं तेव्हा त्याची जाहीर क्षमता वर्षाला चार हजार टन होती. पकडण्याची युक्ती जवळपास सारखीच, पण इथे त्या वायूचं कुणाला काही करायचं नसतं. म्हणून या दोन टाक्यांकडे प्लांटमध्ये सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

समस्या

टाक्यांनंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा ॲनालायझर असतो. एरवी तो ०.१ ते ०.२ पीपीएम दाखवायचा. अलार्म १ वर, ट्रिप म्हणजे प्लांट आपोआप बंद होणं ३ वर. ऑपरेटर तासाच्या ठोक्याला लॉगशीट भरायचे आणि लॉगशीटमध्ये सगळं व्यवस्थित दिसत होतं.

रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने काँप्युटरवर जुना ट्रेंड उघडला तेव्हा वेगळंच दिसलं. बी बेड कामावर असताना शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत रीडिंग वर चढत होतं, टाकी बदलली की पुन्हा तळाला जात होतं. टाकीबदल व्हायचा तासाच्या दहा मिनिटं आधी. म्हणजे ठोक्याला रीडिंग घेईपर्यंत ए बेड कामावर आलेला असायचा आणि लॉगशीटमध्ये त्याचंच स्वच्छ रीडिंग पडायचं. तो चढ दोन नोंदींच्या मध्ये रोज निसटत होता. आधी ०.४, मग ०.६, आणि त्या रात्री ०.९.

त्याने शिफ्ट इनचार्जला एवढंच सांगितलं, “साहेब, ए बेड सरळ चाललाय. बी शेवटी शेवटी डोकं वर काढतोय.” या एका वाक्यात अर्धं निदान झालं होतं, कारण हवा, चिलर, हीटर, ॲनालायझर हे सगळं दोन्ही टाक्यांना एकच आहे.

सकाळी आधी ॲनालायझर कॅलिब्रेशन गॅस लावून तपासला. तो बरोबर होता. मग बी बेडच्या रिजनरेशनचा आलेख पाहिला. गरम नायट्रोजन वरून सोडल्यावर खालच्या तोंडाचं तापमान आधी बराच वेळ एका जागी रेंगाळतं, कारण सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते. पाणी संपलं की तापमान चढतं आणि कूलिंग सुरू झाल्यावर त्याचं एक शिखर येतं. ए बेडचं शिखर १२० अंशांच्या वर होतं. बी बेडचं ७० लाही पोचत नव्हतं. उष्णता तळापर्यंत जातच नव्हती. बेड ओला होता.

यात खरा धोका असा की १३एक्सला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय आहे. पाणी वर सीव्हपर्यंत पोचलं तर ते आधी बसलेल्या कार्बन डायऑक्साइडला उठवून स्वतः जागा घेतं, आणि नेहमीच्या रिजनरेशनने ते सहज निघत नाही. प्रत्येक फेरीला थोडी थोडी जागा कमी होत जाते.

पाणी आलं कुठून, हे शोधायला दुपार गेली. चिलरनंतर हवेतलं पाणी वेगळं काढणाऱ्या सेपरेटरचा ऑटो ड्रेन गंज आणि क्षाराच्या भुकटीने अडकलेला निघाला. हाताने व्हॉल्व्ह उघडला तर पाणी बराच वेळ वाहत राहिलं. तरीही फक्त बी का? लॉगबुक मागे चाळल्यावर उत्तर मिळालं. आठवड्याभरापूर्वी रात्री वीज गेली होती, काँप्रेसर बसला होता आणि वीज आल्यावर घाईने पुन्हा चालू केला होता. तेव्हा लाइनवर बी बेड होता. भरलेल्या सेपरेटरमधून जोराने हवा गेली आणि साचलेलं पाणी तिने थेट बेडवर नेऊन ओतलं.

याच्याही मागे चिलर होता. २०२० च्या टाळेबंदीत वार्षिक शटडाउन हुकला, कंडेन्सरची सफाई राहून गेली, आणि उन्हाळ्यात टँकरच्या जड पाण्यावर कूलिंग टॉवर चालला. नळ्यांवर क्षार बसला आणि हवा १२ ऐवजी १९ अंशांवर येऊ लागली. महिनाभर ते रीडिंग लॉगशीटवर ठळक दिसत होतं. ‘उन्हाळा आहे’ म्हणून सगळ्यांनी ते धकवून नेलं.

आणखी एक गोष्ट गेटवर उभी होती. भरून घ्यायला आलेल्या टँकरांची रांग काँप्रेसरच्या एअर इनटेकच्या वाऱ्याच्या बाजूला लागायची. रात्रंदिवस थांबलेले चालक केबिनच्या पंख्यासाठी इंजिन चालू ठेवत. हातातल्या मीटरने इनटेकपाशी मोजलं तर कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएमच्या वर होता. आधीच दुबळ्या झालेल्या बेडवर हा वरचा भार.

समोरचे पर्याय

त्या दुपारच्या बैठकीत आवाज चढले होते. एक तास प्लांट बंद म्हणजे दोन टन ऑक्सिजन कमी, हे प्रत्येकाला पाठ होतं.

पहिला प्रस्ताव आला तो ट्रिपची मर्यादा वाढवण्याचा. ३ ऐवजी १० करा, लाट ओसरली की बघू. त्याच्या बाजूने हिशोबही मांडला गेला: १ पीपीएम गळती म्हणजे तासाला जेमतेम १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, तोही अर्धा तास. एवढ्याने काय बिघडणार?

हिशोब बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बेड भरत आला की रीडिंग सावकाश वाढत नाही. एका टप्प्यानंतर ते काही मिनिटांत एकावरून पन्नासावर जातं. शिवाय प्रश्न नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा नाही. ॲसिटिलीन आणि जड हायड्रोकार्बन याच सीव्हवर अडतात आणि ते कार्बन डायऑक्साइडपेक्षा घट्ट धरले जातात. म्हणून कार्बन डायऑक्साइड निसटत नाही तोवर तेही निसटत नाहीत, या भरवशावर सगळा धंदा चालतो. रिबॉयलर म्हणजे कॉलमच्या तळाशी द्रव ऑक्सिजन उकळवणारा एक्स्चेंजर. त्याच्या फटीत कार्बन डायऑक्साइडचा बर्फ अडकला, की तिथला द्रव ऑक्सिजन पूर्ण उकळून जातो आणि मागे राहिलेले हायड्रोकार्बन शुद्ध ऑक्सिजनमध्ये साचत जातात. मलेशियात बिंटुलूला डिसेंबर १९९७ मध्ये हवा विलगीकरणाच्या प्लांटचा स्फोट झाला, तो रिबॉयलरमध्ये हायड्रोकार्बन साचल्यामुळेच. तिथे जंगलाच्या वणव्याच्या धुराचे बारीक कण शुद्धीकरणातून पार गेले होते. आपल्या इनटेकपाशी डिझेलचा धूर होता.

दुसरा पर्याय तात्काळ बंद करून कोल्ड बॉक्सचं पूर्ण डिफ्रॉस्ट आणि सीव्ह बदलणं. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात स्वच्छ. पण त्याला आठवड्याच्या जवळपास वेळ लागला असता, आणि नवा सीव्ह त्या दिवसांत कधी मिळेल हे पुरवठादार सांगायला तयार नव्हता. हा पर्याय फार वेळ चर्चेत राहिला नाही.

तिसरा, भार कमी करून दोन्ही टाक्यांचा वेळ चारवरून तीन तासांवर आणायचा. कामाचा तास कमी होतो, पण रिजनरेशनचाही तास कमी होतो. ओल्या बेडला नेमका तोच तास हवा होता.

चौथा, प्लांट पाऊण दिवस थांबवून फक्त बी बेडचं वाढीव तापमानाचं, लांबलेलं रिजनरेशन करायचं. कोल्ड बॉक्सचे व्हॉल्व्ह बंद करून तो गारच ठेवायचा. नायट्रोजन कॉलममधून मिळणार नाही, पण साठवणीच्या टाकीत द्रव नायट्रोजन होता. उद्योग बंद असल्याने त्याला गिऱ्हाईक नव्हतं, द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपरायझरमधून तो वापरता आला असता.

काय केलं

ट्रिपला हात लावायचा नाही, हा निर्णय प्लांट मॅनेजरनी घेतला आणि लॉगबुकात सही करून लिहिला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण. तोंडी सांगितलं असतं, तर रात्री दोन वाजता कुणाच्या तरी फोनवर ते बदललं असतं.

त्याच संध्याकाळी टँकरांची रांग गेटच्या दुसऱ्या बाजूला हलवली आणि चालकांसाठी सावलीला पंखे लावून दिले. इंजिनं आपोआप बंद झाली. इनटेकवरचं रीडिंग तासाभरात खाली आलं. ड्रेन खोलून साफ केला. तरीही भरवसा नको म्हणून दर अर्ध्या तासाला हाताने उघडण्यासाठी एका हेल्परला नेमलं. चिलरचे दोन युनिट होते. रात्री एकेकाचा कंडेन्सर बाजूला घेऊन नळ्या घासल्या. हवा १३ अंशांवर आली.

वेळापत्रकाचा प्रश्न शिफ्ट इनचार्जनी सोडवला. दोन्ही बेडना सारखा वेळ द्यायलाच हवा असं कुठे लिहिलंय, असं ते म्हणाले. ए बेड चार तास चालवायचा, बी बेड तीन. ए कामावर असतो तोवर बी तापत असतो. म्हणजे बी बेडला काम कमी आणि रिजनरेशन पूर्ण चार तास. ए बेड कोरडाच होता, त्याचं हीटिंग-कूलिंग तीन तासांत बसत होतं. टायमर बदलले, लोड दहा टक्क्यांनी उतरवला. बी बेडचं शेवटचं रीडिंग ०.९ वरून ०.५ वर आलं.

इथे थांबायचा मोह सगळ्यांना झाला. पण बी बेडचं तापमानाचं शिखर फारसं वाढलं नव्हतं. आत शिरलेलं पाणी बाहेर आलंच नव्हतं. अशा अवस्थेत एकदा वीज गेली असती, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून आणि त्याहून वाईट. म्हणून चौथा पर्यायही करायचाच ठरलं.

ऑक्सिजनचं वाटप तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत अन्न व औषध प्रशासनाच्या मदतीने चालत होतं. तिथल्या अधिकारी बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी मोजके प्रश्न विचारले. “किती तास? कधी? आणि आता बंद केलं नाही तर?” मॅनेजर म्हणाले, “मॅडम, आता सोळा-अठरा तास. नाही केलं आणि कोल्ड बॉक्स जाम झाला तर चार-पाच दिवस, आणि ते कोणत्या दिवशी ते आम्ही सांगू शकणार नाही.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “मला दोन दिवस द्या. दुसऱ्या जिल्ह्यातून टँकर लावते.”

दोन दिवसांचे तीन झाले. त्या तीन दिवसांत लोड कमीच ठेवला आणि बी बेडच्या प्रत्येक फेरीचं शेवटचं रीडिंग फळ्यावर लिहिलं जात होतं. बदली टँकर रुग्णालयाच्या टाकीत रिकामा होऊ लागल्याचा फोन आल्यावरच काँप्रेसर थांबवला.

रिजनरेशनमध्ये हीटर त्याच्या मर्यादेपर्यंत नेला, पण एकदम नाही. पाण्याने भरलेला बेड झटकन तापवला तर वाफेत सीव्हच खराब होतो. म्हणून टप्प्याटप्प्याने तापमान चढवलं. खालच्या व्हेंटमधून पहिले काही तास दाट पांढरी वाफ येत होती. ती विरळ होत गेली, तसं तळाचं तापमान हळूहळू चढू लागलं.

परिणाम

प्लांट ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा चालू झाला. कोल्ड बॉक्स गार असल्याने शुद्धता त्याच पाळीत मिळाली. बी बेडचं तापमानाचं शिखर १०० च्या वर गेलं आणि शेवटचं रीडिंग ०.२ ते ०.३ वर स्थिरावलं. ते पुन्हा ए बेडइतकं कधी झालं नाही. बी बेडला तीन तासच ठेवले, लोड मात्र पूर्ण करता आला. पुरवठ्यातला खड्डा बदली टँकरने भरला. मेची संपूर्ण लाट प्लांटने न थांबता काढली.

जुलैमध्ये मागणी उतरल्यावर पूर्ण शटडाउन घेतलं. बी टाकी उघडली तेव्हा तळाच्या जाळीवर ॲल्युमिनाच्या गोळ्यांचा पांढरा लगदा वाळून चिकटलेला होता. वरून पाहिलं तर सीव्हची पातळी एका बाजूला वीतभर खचलेली. हवा त्या बाजूने वाट काढून जात होती, म्हणजे उरलेला बेड असून नसल्यासारखा. लांबलेल्या रिजनरेशनने पाणी निघालं, पण ही वाट बुजणार नव्हती. ०.२ च्या खाली रीडिंग का येत नव्हतं, ते तेव्हा समजलं.

वेगळं काय करता आलं असतं

वाटप करणाऱ्यांना पहिला फोन निदान झालं त्याच दिवशी करायला हवा होता. तो दोन दिवसांनी झाला, कारण ‘आधी आपण सुधारून बघू’ असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सुधारणा चालू असतानाच बदली टँकर शोधला गेला असता, तर जाम होण्याची टांगती तलवार दोन दिवस आधी उतरली असती.

वीज गेल्यानंतर पुन्हा चालू करताना सेपरेटर आधी हाताने रिकामा करायचा, मगच टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, ही पायरी लेखी पद्धतीत नव्हती. अनुभवी ऑपरेटर ती करायचे. त्या रात्री पाळीवर नवा माणूस होता. त्याला दोष देणं मला मान्य नाही. आता ती पायरी लेखी आहे आणि सेपरेटरला पाण्याच्या उंच पातळीचा वेगळा अलार्म आहे.

लॉगशीटमध्ये बदल छोटा झाला. प्रत्येक बेडसाठी ‘शेवटच्या पाच मिनिटांतलं रीडिंग’ आणि ‘कूलिंगमधलं सर्वाधिक तापमान’ असे दोन रकाने वाढले. चिलरनंतरच्या हवेचं तापमान १५ च्या वर गेलं, तर आता तो कार्बन डायऑक्साइडचाच इशारा मानला जातो. ॲनालायझर बोलेपर्यंत बेडवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

नवा सीव्ह मागवताना एक जुनी गोष्ट वर आली. प्लांटच्या मूळ कागदपत्रांत बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ३५० पीपीएम धरला होता. २०२१ मध्ये उघड्या हवेतच तो ४२० च्या आसपास होता, म्हणजे काहीही न बिघडता बेडवरचं काम एक पंचमांशाने वाढलेलं. नवी भरती ५०० पीपीएम आणि २० अंशांची हवा धरून मोजली. टाकीची उंची तर वाढवता येत नव्हती. म्हणून खालच्या ॲल्युमिनाचा थर थोडा वाढवला, वर जास्त क्षमतेचा सीव्ह घेतला आणि उन्हाळ्याचे तीन महिने दोन्ही टाक्या साडेतीन तासांवर चालवायच्या ठरल्या.